मागच्या खोलीचा उतार

नव्याने रंगवलेलं घर घ्यायला निघाला असाल तर आधी माझं ऐका. भिंतींकडे बघू नका. रंग लावला की म्हातारी भिंतसुद्धा बोहल्यावर चढते. खाली बघा. दारांचे तळ बघा, कोपरे बघा, आणि घरमालकाने कितीही तोंड वाकडं केलं तरी फरशीवर बादलीभर पाणी ओता. माणूस थापा मारतो, रंग थापा मारतो. पाण्याला ते अजून कुणी शिकवलेलं नाही.

हे सगळं मला माहीत होतं. त्याचा काडीचाही उपयोग झाला नाही, म्हणून तर सांगत बसलेय.

रविवारची दुपार होती. घर बघायला आम्ही चौघं निघालो: बाबा, काका, आई आणि मी. आत्याला शेजारणीच्या भरवशावर ठेवलं होतं. आत्या म्हणजे बाबांची आणि काकांची थोरली बहीण. यांची आई लवकर गेली, तेव्हापासून या दोघांची नाकं पुसून, आंघोळी घालून, स्वतःच्या ताटातलं यांच्यासाठी बाजूला काढून ठेवून, शाळेत पोचवून तिने यांना वाढवलं. त्या नादात तिचं स्वतःचं लग्न राहून गेलं. पुढे तिला झटका आला आणि उजवी बाजू गेली. तेव्हापासून ती आमच्या भाड्याच्या घरात, बाहेरच्या खोलीत, खिडकीखालच्या पलंगावर पडून. बोलणं तुटक, पण डोकं शाबूत. तिचं करायचं कुणी? मी. कारण इंजिनीअरिंग मी दुसऱ्या वर्षाला सोडलं होतं, आणि आमच्या घरात कॉलेज सोडलेली मुलगी म्हणजे कोपऱ्यात ठेवलेलं रिकामं पिंप. जे जे नको असेल ते तिच्यात टाकायचं.

घरात एक नियम होता. दुपारच्या चहानंतर आत्याला पाणी द्यायचं नाही. पाणी दिलं की रात्री चादर ओली होते, चादर ओली झाली की आईला उठावं लागतं, आई उठली की बाबांची झोप मोडते. आणि बाबांची झोप म्हणजे घरातली सगळ्यांत नाजूक वस्तू. मी चोरून चमच्याने पाजायचे. सापडले की काका म्हणायचे, "अगं, तिच्या भल्यासाठीच आहे ते. ओल्यात झोपून पाठ सोलवटेल तिची." या दोन भावांनी जन्मात जे जे सोयीचं केलं, ते कुणाच्या ना कुणाच्या भल्यासाठीच केलं.

पाहुण्यांना आत्याचा पलंग दिसतो, वास येतो, हे काकांना फार खुपायचं. म्हणून मागे एक वेगळी खोली असलेलं घर हवं होतं. "ताईला तिची स्वतःची खोली," असं ते भेटेल त्याला सांगत सुटले होते. जणू राजवाडाच बांधत होते.

घर गल्लीच्या टोकाला होतं, बैठं. घरमालक दारातच उभा. बाबांच्याच वयाचा, कडक इस्त्रीचा शर्ट, आवाज इतका मऊ की जवळ जाऊन ऐकावा लागे. आत ताज्या रंगाचा वास डोक्यात जात होता. छताला नवी पट्टी, पट्टीत लपवलेले दिवे. काका लहान पोरासारखे बटणं दाबत होते. लागला, विझला, लागला.

मी बसून दाराचा तळ चाचपला. खरखरीत लागला.

"काका, दारं खालून कापलीत."

"मग?"

"म्हणजे फरशी वर आलीय. जुनी न काढता तिच्यावरच नवी चिकटवलीय. खाली काय आहे कुणाला ठाऊक."

"आल्या आमच्या अर्ध्या इंजिनीअरबाई!" काका घरमालकाला म्हणाले. "शिक्षण अर्ध्यावर सोडलं ना, म्हणून दाराच्या बुडाच्या वर काही दिसत नाही."

सगळे हसले. घरमालकही हसला, पण जरा उशिराने.

"फोडाफोड नको वाटली," तो म्हणाला. "असू दे म्हटलं खालचं खाली."

शेवटी मागची खोली. त्याने दार ढकललं आणि स्वतः बाहेरच थांबला.

खोली पांढरी होती. जमिनीपासून थेट छतापर्यंत, चारही भिंतींना चकचकीत पांढऱ्या टाइल्स. झोपायच्या खोलीला! खिडकी एकच, तीही हात पुरणार नाही इतकी वर. दाराच्या बाहेरच्या अंगाला पुट्टी भरून बुजवलेली भोकं होती. तिथे कधीतरी कडी असणार. बाहेरून लावायची.

"वा," बाबा म्हणाले. "पुसायला सोपं."

"पुसायला नाही, धुवायला," मी म्हणाले. "पाइप लावून."

बाबांनी ऐकलं नाही. नको ते ऐकू न येण्याची विद्या त्यांनी फार आधी साध्य केली होती.

रंगाचा वास त्या खोलीत नव्हता. तिथे दुसराच वास होता. ओलं कापड बंद घरात वाळलं की येतो तसा. आत्याच्या उशीला येतो तसा. मी आईकडे पाहिलं. तिलाही आला होता. तिने मान फिरवली.

"कुणाची खोली ही?" मी विचारलं.

"आमच्या आईची," घरमालक बाहेरूनच म्हणाला. "शेवटपर्यंत इथेच होती. काही त्रास दिला नाही बिचारीने."

"नशीबवान आहात," काका अगदी मनापासून म्हणाले.

मी खोलीत दोन फेऱ्या मारल्या आणि पाय आपसूक एका बाजूला सरकायला लागले. जमिनीला उतार होता. न्हाणीघराला देतात तसा, पलीकडच्या भिंतीकडे. जुन्या फरशीचा उतार नव्या फरशीने तसाच घेतला होता. पण पाणी जायची जाळी कुठे दिसेना. बुजवली असेल.

"एक बादली पाणी मिळेल?"

"पाणी कशाला?" पहिल्यांदाच त्याचा मऊपणा गेला.

"उतार बघायचाय."

"आहे ना उतार, मी सांगतो ना... पाणी नका टाकू तिथे. फरशी नवी आहे."

"नव्या फरशीला पाणी चालत नाही?"

"कशाला लोकांच्या घरात शोभा करतेस?" बाबा दात ओठ खात पुटपुटले. तोवर मी न्हाणीघरातून बादली भरून आणलीही होती.

ओतली.

पाणी जमिनीवर पडलं की आधी पसरतं, इकडे तिकडे चाचपडतं, मग वाट धरतं. हे पसरलंच नाही. दोरी ओढावी तसं एका धारेत सरळ निघालं, पलीकडच्या भिंतीच्या बुडाशी जाऊन टेकलं आणि तिथे नाहीसं झालं. मी वाकून पाहिलं. भेग नाही, फट नाही. दोन टाइल्सच्या मधल्या सांध्यात केससुद्धा शिरला नसता. आणि पाणी जातच होतं... जातच होतं.

मग आवाज आला. भिंतीच्या आतून. पलंगावर निजलेल्या माणसाचं तोंड जितक्या उंचीवर येईल, तितक्या उंचीवरून.

घट्... घट्... घट्...

मध्येच थांबला. धाप लागल्यासारखा श्वास. पुन्हा घट्... घट्...

तो आवाज मला नवा नव्हता. तहानेने जीभ टाळ्याला चिकटलेल्या माणसाला चमच्याने पाजता पाजता मी तो रोज ऐकत होते. फक्त चमच्याला तो एकदा येतो. इथे बादली संपेतो येत राहिला.

फरशी कोरडी ठणठणीत झाली.

"ड्रेनेज चांगलं आहे," काका म्हणाले.

मी मागे वळून पाहिलं. घरमालक दारात नव्हता.

घराला वळसा घालून मी मागच्या अंगाला गेले. त्या भिंतीपलीकडे ना खोली, ना शेजाऱ्याचं घर. उन्हाने तडकलेल्या मातीची मोकळी पट्टी तेवढी. भिंतीला तळहात लावून पाहिला. गरम आणि कोरडी.

परत आले तोवर पुढच्या खोलीत चहा आला होता आणि बापे एकमेकांना शहाणपण वाटत बसले होते.

"एक सांगू का?" घरमालक बाबांना समजावत होता. "दुपारनंतर पाणी बंद करायचं. सुरुवातीला मागतात. ओरडतातसुद्धा. दार ओढून घ्यायचं. मग सवय होते."

"आम्हीही चहानंतर देत नाही," बाबा म्हणाले. खोकल्यावरचा काढा सांगावा आणि ऐकावा, तसं चाललं होतं.

"मी तर चहाही बंद केला होता."

"तुमची आई कशाने गेली?" मी दारातूनच विचारलं.

"बोलायची काही रीत?" काका कडाडले. घरमालक कपात बघत राहिला.

"म्हातारपणाने," तो म्हणाला. मग मला ऐकू जाईल एवढंच, "तुम्ही पाणी ओतायला नको होतं. आम्ही तिथे... टाकत नाही."

"का?"

"पुरत नाही."

काकांनी लगेच पाण्याच्या टाकीचा विषय काढला.

घरी जाताना भाऊ भाऊ पुढे आणि आम्ही दोघी मागे. "आई, तू ऐकलंस," मी म्हणाले.

"ऐकलं."

"आणि तरी आत्याला तिथे ठेवणार?"

"एखाद्या सकाळी चादर न धुता चहा प्यायचाय मला," ती म्हणाली. "तुला चिडायला परवडतं गं. मला नाही परवडत."

तिच्यावर ओरडावं असं तोंडाशी आलं होतं. ओरडले नाही. बाबांवर मात्र ओरडले. आत्याला त्या खोलीत टाकाल तर बघा, म्हटलं. "तुला फरशी बघायला नेलं होतं," बाबा म्हणाले, "मत द्यायला नाही." घर घेतलं.

आत्याचा पलंग त्याच भिंतीला लागला. दुसरीकडे लावला तर दार पुरतं उघडत नव्हतं. मी माझी गादी खोलीबाहेर, दाराशी टाकली. पहिले काही दिवस आत्या नुसती भिंतीकडे बघायची. मग एकदा तिने डावा हात टाइलवर ठेवला आणि विचारलं, "कोण... आहे?"

"कुणी नाही गं."

लहानपणी मी लबाडी केली की ती जशी बघायची, तशी तिने माझ्याकडे बघितलं.

आणि मग घरात एकदम सगळं छान झालं. मी भांडून तिच्या उशाशी तांब्या ठेवायला लागले होते. तो रिकामा व्हायला लागला. चादर मात्र कोरडी. काका तर म्हणाले, "बघ, मनासारखं पाणी पितेय, आणि तरी काही नाही. ताईला घर मानवलं!" आई सकाळी अंगणात बसून चहा प्यायला लागली. इतके दिवस मी तिला इतकं शांत पाहिलं नव्हतं.

पण आत्याचे ओठ तडकले होते. डोळे खोल गेले. हाताची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राही. रोज तांब्याभर पाणी पिणाऱ्या बाईचे असे हाल होतात?

म्हणून एका दुपारी, सगळे लवंडल्यावर, मी दाराच्या फटीतून पाहत बसले.

आत्याने डाव्या हाताने तांब्या उचलला. हात लटलटत होता, पण एक थेंब इकडे तिकडे गेला नाही. तिने तो भिंतीशी, टाइल्सच्या सांध्याला लावला आणि तिरका केला. बारीक धार. लहान पोराच्या ओठाला वाटी लावावी तशी.

घट्... घट्...

"हळू," आत्या म्हणाली. "हळू पी... ठसका लागेल."

मी आत धावले. "आत्या, काय करतेस हे? तू पी ना!"

"तिला... कुणी दिलं नाही." शब्द एकेक करून आले. "कित्ती... दिवस."

"तुला तरी कुणी देतंय का? पी आधी." मी दुसरा तांब्या आणून तिच्या तोंडाला लावला. तिने ओठ मिटून घेतले. पाणी हनुवटीवरून खाली गेलं आणि चादरीवर पडायच्या आत भिंतीकडे वळलं...

"आधी... ती," आत्या म्हणाली.

"आणि तू?"

"मग... मी. तिचं झालं... की."

तिचं कधी होणारच नव्हतं. पुरत नाही, असं तो माणूस सांगून चुकला होता.

मी बाबांना उठवून आणलं. सगळं सांगितलं. त्यांनी चादरीवर हात फिरवला. कोरडी. "मग अडचण काय आहे?" ते म्हणाले.

अडचण काय आहे! ज्या बहिणीने यांना घास भरवले, तिच्या ओठांकडे बघायला यांना वेळ नव्हता. चादर तेवढी बघितली.

"निदान दुसऱ्या खोलीत हलवू या तिला. एक हात लावा."

"गप झोपू दे तिला. आणि तूही झोप." ते परत जाऊन आडवे झाले.

मी छिन्नी आणि हातोडी घेतली. पलंग ओढून लांब केला आणि भिंतीवर पहिला घाव घातला.

"नको!" आत्या किंचाळली. झटका आल्यापासून तिचा इतका मोठा आवाज मी ऐकला नव्हता. "लागेल... तिला लागेल!"

नवी टाइल फुटून पडली. मागे जुनी टाइल होती, तीही पांढरी. सगळी चकाकत होती, एक जागा सोडून. निजलेल्या माणसाच्या तोंडाशी येईल तिथे, तळहाताएवढा भाग झिजून पार मंद झाला होता. थंडीत अशा टाइल्सवर दव धरतं. माझ्या डोक्यात आलं, कुणी तरी ते रोज... जिभेने... आणि मी छिन्नी त्या जागेवरच मारली, म्हणजे ती बघावी लागू नये.

तिच्यामागे वीट. मी बोट घातलं. इतके तांबे रिचवलेली ती वीट भट्टीतून आत्ता काढल्यासारखी कोरडी होती. बोटाला लाल भुकटी लागली. बाकी काही नाही.

बाबा आणि काका धावत आले. मला वेड लागलंय यावर दोघांचं एकमत झालं. त्यांचं एकमत होण्याची ती दुसरी वेळ. पहिली घर घेताना. संध्याकाळच्या आत मिस्त्री बोलावून भिंत होती तशी करून घेतली. शोभा गेली होती ना.

आत्याला दवाखान्यात न्यायला हवं हे त्यांना पटलं, तेव्हा तिला डोळेही उघडवत नव्हते.

डॉक्टरीणबाईंनी तिची जीभ पाहिली आणि आमच्याकडे वळल्या. "पाणी देत नव्हता का यांना?"

"असं कसं? तांब्या भरून ठेवायचो," काका म्हणाले. "रोज रिकामा व्हायचा."

जन्मात पहिल्यांदा काका खरं बोलत होते, आणि त्यांच्यावर कुणाचा विश्वास बसला नाही.

मी तिच्या उशाशी बसले. नळीतून थेंब थेंब जात होतं. तिने डोळे उघडले, माझी बाही धरली.

"तिला आता... कोण देईल?"

"मी देईन," मी म्हणाले. तिला बरं वाटावं म्हणून म्हणाले. तिने बाही सोडली. थोड्या वेळाने नळीतलं पाणी आत जायचं थांबलं.

पुढचं तुम्हाला ठाऊकच असेल. सगळीकडे सारखंच असतं. "सुटली बिचारी," असं सगळ्यांनी म्हटलं. काकांनी भेटायला येणाऱ्यांना खोली दाखवली, टाइल्स दाखवल्या, तिची किती सोय केली होती ते सांगितलं. बाबा रडले. खरंच रडले. मला त्यांची दया आली नाही. पलंग मात्र कुणी हलवला नाही. बाबांचे गुडघे हल्ली फार दुखतात. परवा चहा घेताना काका सहज बोलून गेले, "पुढेमागे दादालाच बरी पडेल ती खोली. थंड असते." बाबा हसले. मग हसू थांबवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी शब्द पाळते. दुपारी सगळे लवंडले की बादली घेऊन आत जाते आणि दार लावून घेते. ओततेय तोवर पाणी त्याच वाटेने जातं, त्याच जागी नाहीसं होतं. आवाज येतो. अधाशी, धापा टाकणारा. तो थांबेतो मी हलत नाही. कारण तो थांबल्यावर, जरा वेळाने, दुसरा सुरू होतो. बारीक, अडखळत, एका बाजूने गिळल्यासारखा. तो कधीच मध्ये घुसत नाही. पहिल्याचं पुरतं होईतो वाट बघतो.

काल दोन्ही आवाज थांबल्यावर मी बादली उचलली, तेव्हा भिंतीच्या वीतभर अलीकडे पेलाभर पाणी शिल्लक दिसलं. आजवर कधी एक थेंब उरला नव्हता. मी बोटाने भिंतीकडे लोटून पाहिलं. जाईना. एवढा उतार असून जागचं हललं नाही. तिथेच थांबून होतं, कुणासाठी तरी बाजूला काढून ठेवल्यासारखं.

आज सकाळी पाहिलं. अजून तसंच आहे.